रडण्याने साक्ष बिघडत नाही

नोव्हेंबर आला की आपल्या ख्रिस्ती दफनभूमी झाडून, धुऊन, रंगवून निघतात. २ तारखेला, मृतांच्या स्मरणदिनी, वसईत कबरींवर झेंडूची आणि शेवंतीची फुलं दिसतात आणि अंधार पडला की मेणबत्त्या लागतात. या दिवसांत माझ्याकडे येणारी पत्रंही बहुतेक गेलेल्या माणसांबद्दलच असतात. या वेळची चार पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण तशीच पत्रं दरवर्षी येतात.

ताई, माझा २४ वर्षांचा मुलगा सहा महिन्यांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला. पेटीचं झाकण लावायला घेतलं तेव्हा मला राहवलं नाही. मी पेटीला मिठी मारून हंबरडा फोडला. मंडळीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी मला मागे ओढलं आणि कानाशी म्हणाल्या, "असं रडणं विश्वासणाऱ्याला शोभत नाही. बाहेरचे लोक बघतायत, त्यांच्यापुढची आपल्या विश्वासाची साक्ष बिघडते." स्मरणसभेतही 'आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका' हेच वचन घेतलं. तेव्हापासून मी चारचौघांत रडत नाही, पण उपासनेत गीत सुरू झालं की घसा आवळून येतो, शब्द फुटत नाही. अंगणात त्याने अर्धवट बांधलेलं कोंबड्यांचं खुराडं तसंच आहे. यजमान म्हणतात मोडून टाकू. मला मोडवत नाही. माझा विश्वास उडाला आहे का? (एक आई, श्रीरामपूर परिसर)

नाही, बाई. तुमचा विश्वास उडालेला नाही. तुमचा मुलगा गेला आहे.

मी मूळची नगरकडची. आमच्या मंडळीतले दफनविधी लहानपणापासून पाहिले, पुढे रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करताना मृत्यू फार जवळून पाहिला. झाकण लावण्याची ती वेळ मला चांगली माहीत आहे. पाळकसाहेबांची प्रार्थना संपते, कुणीतरी चेहऱ्यावरचा रुमाल नीट करतं, सुतार स्क्रू हातात घेऊन उभा असतो आणि कुणाच्या तरी इशाऱ्याची वाट बघत असतो. तो इशारा द्यायला कुणीच तयार नसतं. त्या क्षणी आईने हंबरडा फोडला तर ती आई आहे म्हणून. त्या वेळी तुम्हाला मागे ओढणाऱ्या बाईंच्या मनात वाईट नसेल, पण त्यांनी तुमच्यावर जे ओझं टाकलं ते शास्त्राने टाकलेलं नाही. आणि ते तुम्ही वाहू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

ते वचन बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातलं, चौथ्या अध्यायातलं. ते कुणाला लिहिलं होतं ते पाहा. थेस्सलनीकाची मंडळी नवी होती. प्रभू लवकरच परत येणार म्हणून सगळे वाट पाहत होते, आणि तेवढ्यात त्यांच्यातली काही माणसं वारली. मागे राहिलेल्यांना धास्ती पडली की आपली गेलेली माणसं आता त्या दिवसाला मुकली. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने त्यांना धीर दिला: तुमची माणसं मुकलेली नाहीत, ती आधी उठतील, पुन्हा भेट होईल. तो अध्याय 'या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा' असं सांगून संपतो. सांत्वनासाठी लिहिलेलं वचन घरात रडणाऱ्या आईवर छडीसारखं उगारलं जातं, याचा मला राग येतो.

आणि हाच पौल फिलिप्पैकरांना काय लिहितो? त्याचा सोबती एपफ्रदीत आजारी पडून मरणाला टेकला होता, पण वाचला. पौल म्हणतो, देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. पुनरुत्थानावर पौलाइतका विश्वास कुणाचा असेल? तोसुद्धा कबूल करतो की मित्र गेला असता तर मी दुःखात बुडालो असतो. हे वचन मी आजवर एकाही स्मरणसभेत ऐकलेलं नाही.

प्रेषितांची कृत्ये उघडा, आठव्या अध्यायाचं दुसरं वचन काढा. स्तेफन हा आपल्या मंडळीचा पहिला हुतात्मा. मरताना त्याला स्वर्ग उघडलेला दिसला, म्हणजे तो कुठे गेला याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नव्हती. तरी भक्तिमान माणसांनी त्याला पुरलं आणि त्याच्यासाठी मोठा शोक केला, असं तिथे लिहिलं आहे. भक्तिमान माणसांनी! त्यांची साक्ष बिघडली नाही. उलट त्यांचा शोक शास्त्रात नोंदवला गेला. पुढच्याच अध्यायात यापो गावची दुर्कस वारते. माडीवर विधवा जमतात, रडतात, आणि दुर्कस जिवंत असताना त्यांच्यासाठी जे अंगरखे आणि कपडे शिवायची ते प्रेषित पेत्राला काढून दाखवतात. ती वस्त्रं हातात धरून रडणाऱ्या बायकांना पेत्र एका शब्दानेही रागावत नाही.

आपल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी येशू रडला हे तुम्हाला माहीत आहे. मला नाईन गावची वेशही आठवते. विधवेचा एकुलता एक मुलगा तिरडीवर, आणि येशू तिला म्हणतो, रडू नको. हे दोन शब्द आपल्याकडे किती सहज उच्चारले जातात! पण येशूने ते म्हटले आणि लगेच तिचा मुलगा उठवून तिच्या हवाली केला. ज्याच्या हाती मुलगा परत देणं आहे त्यानेच आईला रडू नको म्हणावं. आपल्यापैकी कुणाच्या हाती ते नाही. आपण तिच्याजवळ बसावं.

मग ही न रडण्याची शिकवण आली कुठून, असं तुम्ही विचाराल. तिच्यामागे एक जुनं आणि खरं कारण आहे. चौथ्या शतकात योहान ख्रिसोस्तम नावाचे मोठे उपदेशक होऊन गेले. त्यांच्या काळी श्रीमंत घरांत पैसे देऊन रडणाऱ्या बायका बोलवायची पद्धत होती. ख्रिस्ती घरंही ती पाळत, म्हणून ते फार संतापत. पण त्यांनीही रडूच नका असं सांगितलं नाही. दूरच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला निरोप देताना जसे रडाल तसे रडा, असं त्यांचं सांगणं होतं. भाड्याच्या रडण्यावरचा तो राग पुढच्या पिढ्यांनी आईच्या रडण्यालाही लावला.

संत ऑगस्टीनलाही हा जाच झाला. इ. स. ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात त्याची आई मोनिका वारली. आयुष्यभर या मुलासाठी रडलेली बाई ती. तिचा प्राण गेला तसा ऑगस्टीनचा किशोरवयीन मुलगा अदेओदातुस मोठ्याने रडू लागला, आणि सगळ्यांनी त्याला गप्प केलं. विश्वासणाऱ्या बाईच्या मरणावर आकांत बरा दिसत नाही, असं सगळ्यांना वाटलं. ऑगस्टीनने डोळ्यांतलं पाणी जिद्दीने आवरलं, दफन होईपर्यंत आवरलं. स्नानाने मन हलकं होतं असं ऐकलं होतं म्हणून तो स्नानगृहात जाऊन आला. काही उपयोग झाला नाही. मग झोपून उठल्यावर, एकटा असताना, त्याचा बांध फुटला. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याने हे सगळं देवापुढे लिहून ठेवलं, आणि आईसाठी मी तासाचा थोडासा भाग रडलो हे कुणाला पाप वाटलं तर त्याने हसू नये, अशी विनवणी केली. एवढा मोठा आचार्य, आणि आईसाठी रडलो म्हणून त्याला सफाई द्यावी लागली. बाई, तुम्हाला माझ्यापुढे किंवा त्या ज्येष्ठ बाईंपुढे सफाई द्यायची काही गरज नाही.

आता गाण्याबद्दल. शब्द फुटत नसतील तर गाऊ नका. उभ्या राहा, नाहीतर बसून राहा. बाकीची मंडळी गाते आहे, तुमच्या वाटचंही ती गाते. घरी स्तोत्र ८८ वाचून बघा. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी उजेडाकडे वळतात. हे वळत नाही, ते अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. मला तर वाटतं ते तुमच्यासारख्यांसाठीच ठेवलं आहे.

खुराडं मोडू नका. यजमानांनाही रागावू नका. पुष्कळ पुरुषांना दुःख समोर उभं असलेलं बघवत नाही, म्हणून ते ती वस्तू हलवायला निघतात. त्यांना एवढंच सांगा की वर्षभर तरी त्याला हात लावायचा नाही. पुढे कधी वाटलं तर मुलाच्या मित्रांना एखाद्या रविवारी जेवायला बोलवा आणि ते पुरं करून द्यायला सांगा. ती पोरं तुमच्याकडे यायला घाबरत असतील, काय बोलावं त्यांना सुचत नसेल. हातात जाळी आणि पक्कड आली की ती आपसूक त्याच्याबद्दल बोलू लागतील. त्या विधवांनी दुर्कसचे कपडे काढून दाखवले होते, तसं तुम्हीही त्यांना त्याचं सगळं दाखवा.

आणि एक परिचारिका म्हणून सांगते. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, अन्न जात नसेल, किंवा आपणही संपवून टाकावं असं मनात येत असेल, तर डॉक्टरांकडे जा. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. प्रार्थना चालू ठेवून औषध घेता येतं.

माझ्या धाकट्या भावाने तीन वर्षांपूर्वी आत्महत्या केली. आई २ नोव्हेंबरला त्याच्या कबरीवर फुलं ठेवते, पण मिस्सेसाठी (चर्चमधल्या मुख्य उपासनेसाठी) त्याचं नाव द्यायला घाबरते. तिच्या लहानपणी तिच्या गावात अशा एका माणसाला दफनभूमीच्या कडेला, मिस्सेशिवाय पुरलं होतं. भावासाठी मिस्सा अर्पण करता येते का? (एक बहीण, वसई)

येते. या रविवारी आईला घेऊन धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कार्यालयात जा आणि बाकीच्या नावांसारखंच त्याचंही नाव लिहून द्या.

आईच्या डोळ्यांसमोर आहे तो जुना कायदा. १९१७ च्या कॅथलिक धर्मविधी संहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारलेलं होतं. १९८३ मध्ये नवी संहिता आली तेव्हा अंत्यविधी नाकारण्याच्या यादीतून आत्महत्येचा उल्लेख काढून टाकला. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात तर स्पष्ट म्हटलं आहे की गंभीर मानसिक व्याधी, पराकोटीची भीती किंवा यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा माणसांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. त्यांना पश्चात्तापाची संधी देण्याचे मार्ग देवालाच ठाऊक आहेत, आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. म्हणजे आईने मिस्सा मागणं ही कसली सवलत नाही. ख्रिस्तसभा जे करतेच आहे, त्यात तिने आपल्या मुलाचं नाव घालायचं आहे.

कायदा बदलला तरी शेजारपाजार तेवढ्या लवकर बदलत नाही. 'त्याचं काय झालं होतं?' हा प्रश्न ऐकावा लागतो म्हणून कित्येक घरं गेलेल्या माणसाचं नावच घ्यायचं सोडून देतात. मग त्याचं लहानपण, त्याचं हसणं, त्याने केलेली कामं, सगळंच त्या एका दिवसाखाली गाडलं जातं. आईला त्याच्या शाळेतल्या गोष्टी विचारा. तिला सांगायच्या असतील, कुणी विचारत नसेल. आणि भावांना गमावणाऱ्या बहिणींनाही कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारते: तुम्ही कशा आहात? पुढच्या पत्रात स्वतःबद्दल लिहा.

आम्ही कॅनडात राहतो. आईच्या इच्छेप्रमाणे तिला इथे अग्नी दिला. अस्थी वसईला आणून समुद्रात सोडाव्यात असं भावाचं म्हणणं आहे. चर्चला चालेल का? (एक वाचक, टोरांटो)

अग्नी दिला यात काही चुकलं नाही. कॅथलिक ख्रिस्तसभेने दहनाला १९६३ मध्येच मोकळीक दिली. पसंती आजही दफनालाच आहे. पण रक्षा समुद्रात किंवा वाऱ्यावर सोडायला व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनेने मनाई केली आहे. गेलेल्याला आपण विसरू नये, त्याच्या नावाची एक जागा असावी, जिथे पुढच्या पिढीला जाऊन उभं राहता येईल, हा त्यामागचा विचार आहे. मला तो पटतो. रक्षा घरात ठेवायलाही त्या सूचनेत मनाई आहे. मात्र डिसेंबर २०२३ मध्ये रोमहून एवढी मुभा मिळाली की धर्माधिकाऱ्यांच्या परवानगीने रक्षेचा अगदी थोडा अंश, गेलेल्या माणसाच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या ठिकाणी जपून ठेवता येईल. प्रोटेस्टंट मंडळ्यांत याबाबत असा एकच नियम नाही.

तुमच्या वडिलांची किंवा आजीआजोबांची कबर वसईत असेल तर कलश तिथेच पुरता येईल. मुंबईकडे जागेच्या टंचाईमुळे काही वर्षांनी कबरीतले अवशेष काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. तसा कोनाडा असेल तर तिथेही सोय होऊ शकते. तिकीट काढण्याआधी धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंशी बोला. मृत्यूचा आणि दहनाचा दाखला जवळ ठेवा, आणि कलश कसा न्यायचा ते विमान कंपनीला आधीच विचारा.

माझ्या ऑफिसातल्या वसईच्या मैत्रिणीचे वडील वारले. मी हिंदू आहे, अशा वेळी कधी गेले नव्हते. अंत्यविधीला जाऊन आले, पण सतत अवघडल्यासारखं होत होतं. कुठे बसायचं, काय बोलायचं, काहीच कळेना. आता महिन्याच्या मिस्सेला बोलावलं आहे. काय नेऊ? काही पाळायचं असतं का? आणि सातव्या दिवशी, महिन्याने अशा मिस्सा का करतात? (एक वाचक, ठाणे)

तुम्ही गेलात हे फार चांगलं केलंत. आम्हा ख्रिस्ती लोकांत सुतक नाही, शिवाशिव नाही, परतल्यावर आंघोळ केलीच पाहिजे असंही नाही. साधे, फिकट कपडे घाला. फुलं किंवा मेणबत्ती नेली तर पुरे. मिस्सेत सगळे उभे राहतील तेव्हा उभ्या राहा, बसतील तेव्हा बसा, गुडघे टेकले नाहीत तरी चालतं. शेवटाकडे लोक रांगेने पुढे जाऊन ख्रिस्तप्रसाद घेतात, त्या वेळी तेवढं जागेवरच बसून राहा. तो कॅथलिकांसाठी असतो, त्यामुळे कुणी काही मनात आणणार नाही.

सातव्या दिवशी आणि महिन्याने मिस्सा का करतात हेही विचारलंय तुम्ही. कॅथलिक लोक गेलेल्यांसाठी प्रार्थना करतात. त्यांचा देवाकडचा प्रवास आपल्या प्रार्थनेने सुकर होतो अशी श्रद्धा आहे. २ नोव्हेंबरचा दिवस हजार वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या क्लुनी मठाच्या ओदिलो नावाच्या मठाधिपतींनी सुरू केला आणि तिथून सगळीकडे पसरला. आमच्या नगरकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. तिथे उपकारस्तुतीची सभा होते, म्हणजे त्या माणसाच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतात. दोन्हीकडे शेवटी चहा असतो आणि दोन्हीकडे त्या माणसाच्या गोष्टी निघतात.

बोलायचं काय? 'देवाला चांगली माणसं लवकर लागतात' असं काही म्हणू नका. ख्रिस्ती माणसंही हे बोलतात आणि ऐकणाऱ्याला ते टोचतं. बायबलमधल्या ईयोबाची मुलं गेली तेव्हा त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते चांगले मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि हे दुःख का आलं ते त्याला समजावू लागले. पुढचे कितीतरी अध्याय ईयोबाचा त्यांच्याशी वाद चालला आहे.

तुम्हाला मैत्रिणीच्या वडिलांची एखादी आठवण असेल तर ती तिच्या आईला सांगा. डब्यात काय पाठवायचे, फोनवर कसे बोलायचे, काहीही. आठवण नसेल तर त्यांना विचारा की काका काय काम करायचे. महिन्याच्या मिस्सेनंतर पाहुणे पांगतात आणि जेवायची वेळ झाली की घर खायला उठतं. म्हणून त्यानंतरच्या एखाद्या शनिवारी फोन करून पुन्हा जा, आणि जाताना भाजीपोळी घेऊन जा.